ड्रेसिंग टेबलच्या आरशाच्या कडा काळ्या पडल्यात, पुसून जात नाहीत. घर रत्नागिरीत, समुद्राजवळ. काय करावं?

ते डाग काचेवर नाहीत, मागे आहेत. पुसून जाणार नाहीत. काचेच्या पाठीवर चांदीचा पातळ थर आणि त्यावर रंग असतो. खारी दमट हवा कापलेल्या कडेतून आत शिरते आणि चांदी काळवंडते. बहुतेकदा सुरुवात खालच्या कडेपासून होते, कारण आरशावर थेट फवारलेलं पाणी ओघळून फ्रेमच्या खाचेत साठतं.

म्हणून फवारा फडक्यावर मारा, आरशावर नाही. आधी कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटका, नाहीतर वाळूचे कण ओरखडे काढतात. मग अर्धा लिटर पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब घालून, फडकं घट्ट पिळून पुसा. पुन्हा साध्या ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडं करा, खालची कड सर्वात शेवटी नीट. अमोनियावालं क्लीनर कडांजवळ नको. टूथपेस्ट तर नकोच. टिकलीच्या डिंकावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटांनी पुसा. तेलकटपणा साबणाच्या पाण्याने जातो.

पावसाळ्यात टेबल ओल धरणाऱ्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. मागच्या प्लायला बुरशी आली असेल तर आधी ती काढून सुकवा.

डाग पसरू नयेत म्हणून आरसा काढून पूर्ण वाळवा आणि मागून कडांना पारदर्शक नेलपॉलिश लावा. त्याऐवजी सिलिकॉन (फटी बुजवायचं सीलंट) वापरायचं तर ‘न्यूट्रल’ प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन चांदी आणखी खातं. डाग दोन-तीन बोटं आत गेले असतील तर काचवाल्याकडून नवा आरसा कापून घेणंच बरं.