वाचकांचे प्रश्न : रानड्यांनी वडिलांना नकार का दिला नाही?

प्रश्न : ‘उंच माझा झोका’ ही मालिका आम्ही मैत्रिणी पुन्हा पाहतो आहोत. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे न्यायमूर्ती रानडे स्वतः मात्र ११ वर्षांच्या मुलीशी, रमाबाईंशी, लग्न करतात. याला ढोंग म्हणायचं का, यावर आमचं एकमत होत नाही. – एक वाचक, मिरज

उत्तर : आधी तारखा शेजारी ठेवा. पहिली पत्नी सखूबाई १८७३च्या ऑक्टोबरात गेल्या आणि डिसेंबरात दुसरं लग्न लागलंसुद्धा. ही घाई वडिलांची, गोविंदरावांची. मुलगा माधवराव, म्हणजेच न्यायमूर्ती रानडे, ३१ वर्षांचा, सुधारकांत ऊठबस असलेला. मुंबईत १८६९ साली झालेल्या पुनर्विवाहाच्या पाठीराख्यांत तो होता आणि त्यापायी बहिष्कारही सोसून बसला होता. तो आता विधवेशीच लग्न करील, ही गोविंदरावांची धास्ती. तसं झालं असतं तर सगळं घर वाळीत पडलं असतं : पंक्तीला कुणी बसणार नाही, श्राद्धाला भटजी मिळणार नाहीत, धाकट्या भावंडांची लग्नं अडतील. म्हणून या प्रसंगात हालचाल करणारं पात्र गोविंदराव आहे, माधवराव नव्हे.

माधवरावांनी लग्नच न करण्याची तयारी दाखवली होती. वडील बधले नाहीत, संबंध तोडण्याची भाषा झाली, आणि मुलानं मान तुकवली. माझ्या मते हे ढोंग नाही. ही हार आहे. ढोंगी माणूस आतून एक मानतो आणि लोकांना दुसरं सांगतो. इथे माणसाचं मत बदललेलं नाही, वडिलांपुढे ते टिकवण्याची ताकद कमी पडली. सुधारक मित्रांनी त्यांना दोष दिला, तो रास्तच होता. लग्नानंतर लगेच त्यांनी त्या निरक्षर मुलीला मुळाक्षरं शिकवायला घेतली. त्या पाटीकडे नुसतं प्रेम म्हणून पाहू नका. जे हातून निसटलं त्याची भरपाईही त्यात दिसते. हा माझा अंदाज आहे, पण पुढची सगळी वर्षं पाहता तो पटतो.

मालिका पाहताना एक सांभाळा. बालकलाकाराचा गोडवा आणि विक्रम गायकवाड यांचा शांत चेहरा यांमुळे २० वर्षांचं अंतर नजरेआड होतं. प्रत्येक प्रसंगाशी दोघांची वयं लिहून ठेवा, चर्चा आपोआप नेमकी होईल.

प्रश्न : रमाबाईंच्या शिक्षणाला घरातल्या बायकाच एवढा विरोध का करतात? त्या इतक्या दुष्ट होत्या का?

उत्तर : विरोध खरा आहे. रमाबाईंनी १९१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत टोमणे, अबोला, वेगळं पाडणं हे सगळं येतं. मात्र दुष्टपणा हे कारण पुरत नाही. त्या घरात सावत्र सासू होती, विधवा नणंद दुर्गा होती. केशवपन झालेल्या बाईच्या हाती सत्ता उरते ती सोवळ्याची, स्वयंपाकघराची आणि वडीलधारेपणाची. कालची सून नवऱ्यापाशी बसून इंग्रजी वाचू लागली की ती सत्ताच ओसरते. शिवाय अख्खं घर ज्याच्या पगारावर चालतं, त्याला तोंडावर बोलायची सोय नाही. मग राग सुनेवर निघतो. आणि माधवराव? ते बायकांशी भांडत नाहीत, रमाबाईंनाच ‘सोसावं’ म्हणतात. या पात्राची ही बाजू मला सर्वांत खटकते, आणि १८७३च्या हारेशी ती अगदी जुळते.

रोजच्या मालिकेला दर भागाच्या शेवटी पेच लागतो, म्हणून एखाद्या बाईच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा जातो आणि मागे कर्कश संगीत वाजतं. एकदा आवाज बंद करून तोच प्रसंग पाहा. ती बाई काय गमावते आहे, ते लगेच कळतं.

प्रश्न : चहाच्या प्रकरणात रानडे प्रायश्चित्त का घेतात?

उत्तर : पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९०च्या ऑक्टोबरात जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, आणि ख्रिस्त्यांकडचं खाणंपिणं तेव्हा धर्मबाह्य मानलं जाई. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. टिळकही त्यात सापडले होते. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं ते १८९२मध्ये, अडचणीत आलेल्या मित्रांची सुटका व्हावी म्हणून. रमाबाईंना ते पटलं नव्हतं, आणि त्यांनी ते लिहून ठेवलं आहे.

हा पुरावा फार मोलाचा आहे. रानडे १९०१मध्ये गेले. त्यानंतर नऊ वर्षांनी, नवऱ्याबद्दल पराकोटीची भक्ती असलेली बाई लिहिते आहे. तिची स्तुती थोडी सावधपणे घ्या, पण ती नाराजी नोंदवते तिथे बेलाशक विश्वास ठेवा. मैत्रिणींशी वाद घालताना आठवणींतला प्रसंग आणि पटकथेनं रचलेला प्रसंग वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. पात्राच्या हेतूबद्दलचा दावा मात्र पहिल्याच रकान्यावर उभा करा.