वाचकांचे प्रश्न : इतर धर्मांचा अभ्यास करायचा, तर सुरुवात कुठून करावी?

आपल्या जन्मधर्मापलीकडचे धर्म समजून घेण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकात घेतली आहेत. पहिल्या पत्राला इतरांहून बरीच अधिक जागा दिली आहे, कारण त्यात मांडलेली अडचण या वाटेने जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मला धर्मांतर करायचे नाही, कोणाशी वाद घालायचा नाही आणि परीक्षाही द्यायची नाही. निरनिराळे धर्म काय सांगतात, हे केवळ स्वतःच्या समाधानासाठी जाणून घ्यायचे आहे. बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतले आणि तिसऱ्या पुस्तकातील बलिविधींच्या तपशिलात अडकलो. कुराणाचा मराठी अनुवाद आणला, पण त्यात कथानक सलग लागेना. शेवटी सर्व धर्मांची एकत्र ओळख करून देणारे एक पुस्तक घेतले, तर कोणाचे मत कोणते हेच मिसळून गेले. वाचनाचा क्रम कसा लावावा?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या आकलनात काही कमी नाही, हे ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ओळीने वाचण्यासाठी रचलेलेच नाहीत. बायबल हे एक पुस्तक नसून अनेक शतकांत सिद्ध झालेला ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यात ६६ आणि कॅथलिक परंपरेत ७३ पुस्तके मोजली जातात. आपण जेथे अडलात ते ‘लेवीय’ हे पुस्तक मुख्यतः याजकांचे विधी आणि शुद्धाशुद्धतेचे नियम सांगणारे असल्यामुळे, त्या परंपरेत वाढलेले वाचकसुद्धा तेथे रेंगाळतात. आपण ‘उत्पत्ती’ पूर्ण वाचावे, ‘निर्गम’ची पहिली वीस प्रकरणे, म्हणजे मिसरमधील गुलामगिरीपासून दहा आज्ञांपर्यंतचा भाग, वाचावा आणि तेथून सरळ ‘मार्क’च्या शुभवर्तमानाकडे जावे. चार शुभवर्तमानांपैकी ते सर्वांत लहान, अवघ्या सोळा प्रकरणांचे आहे, आणि बहुतेक अभ्यासक ते सर्वांत आधीचे मानतात. त्यानंतर ‘लूक’ आणि त्याला जोडूनच ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचावीत. ही दोन्ही एकाच लेखकाची मानली जातात, त्यामुळे येशूच्या चरित्रापासून आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीपर्यंतचा धागा सलग हाती येतो. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ उपलब्ध आहे. साहित्य अकादमीने गौरवलेल्या या ग्रंथाची मराठी घरातल्यासारखी आहे.

कुराणाची रचना आणखी वेगळी आहे. त्याच्या ११४ सूरा, म्हणजे अध्याय, अवतरणाच्या काळानुसार लावलेल्या नाहीत. सात आयतींची, म्हणजे वचनांची, प्रारंभीची ‘फातिहा’ सोडली, तर ढोबळमानाने मोठ्या सूरा आधी आणि लहान सूरा शेवटी येतात. म्हणजे नवा वाचक दुसऱ्याच सुरेत २८६ आयतींसमोर उभा राहतो, आणि त्यांत श्रद्धा, इतिहास, उपवास, वारसा, कर्ज असे विषय एकामागून एक येत राहतात. आपण बाराव्या, ‘यूसुफ’ या सुरेपासून आरंभ करावा, असे मी सुचवीन. त्या एका सुरेत यूसुफाची कथा जवळपास सलग सांगितली आहे, आणि तीच कथा ‘उत्पत्ती’च्या ३७व्या प्रकरणापासून पुढे येत असल्यामुळे दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचता येतात. कोणता प्रसंग कोठे विस्ताराने येतो, कोणता गाळला जातो आणि कथा मध्येच थांबवून उपदेश कोठे केला जातो, याची नोंद आपण स्वतः केलीत, तर परिचयपर ग्रंथाच्या अनेक प्रकरणांनी होणार नाही इतका उलगडा तेवढ्याने होईल. त्यानंतर ग्रंथाच्या अखेरच्या लहान सूरा वाचाव्यात. त्यांतील बहुतेक मक्केतील आरंभीच्या काळातील मानल्या जातात.

मात्र ग्रंथ म्हणजे धर्म नव्हे, हे सुरुवातीलाच ध्यानात ठेवावे लागते, आणि शिकलेल्या मराठी माणसाला नेमके हेच जड जाते, कारण आपल्याला पुस्तक हाती घेतल्याखेरीज अभ्यास झाल्यासारखे वाटत नाही. नीनियन स्मार्ट या ब्रिटिश अभ्यासकाने धर्माकडे विधी, कथा, अनुभव, तत्त्वविचार, नीतिनियम, समाजरचना आणि वास्तू-वस्तू अशा सात अंगांनी पाहावे, असे सुचवले होते. पोथी वाचून यांतील फार तर तीन अंगे हाती लागतात. आपण ज्या गावात राहता तेथेच याचे उदाहरण आहे. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते, आणि ती ऐकायला सर्व धर्मांचे लोक येतात. कुराणाचे कितीही बारकाईने वाचन केले, तरी दर्ग्यातील ही गानसेवा त्यातून कळणार नाही. उलट, दर्ग्याला जाणे आणि तेथे गाणे-बजावणे करणे इस्लामला धरून नाही, असे ठामपणे सांगणारे मुसलमानही आपल्याला भेटतील. हे दोघेही मुसलमानच आहेत. ‘इस्लाम काय सांगतो’ या प्रश्नाऐवजी ‘कोणते मुसलमान, कोठे, केव्हा आणि कशाच्या आधारे काय सांगतात’ असा प्रश्न आपण विचारू लागलात, की अभ्यासाला खरी सुरुवात झाली असे समजावे.

राहिला क्रमाचा प्रश्न. सर्व धर्मांची एकत्र ओळख करून देणारे पुस्तक तूर्त कपाटात ठेवावे. संस्थापक, ग्रंथ, देव, सण अशा रकान्यांचे तक्ते देणारी पुस्तके तर विशेषच टाळावीत. बौद्धांच्या रकान्यात ‘देव’ या शीर्षकाखाली रेघ मारून पुढे जाणाऱ्या तक्त्याने ज्ञान वाढत नाही. एक धर्म निवडावा आणि वर्ष-दीड वर्ष त्याच्याच सहवासात काढावे. निवडताना ज्या धर्माची माणसे जवळपास राहतात आणि बोलायला मिळू शकतात, तोच आधी घ्यावा. मराठी वाचकाला शीख धर्मात शिरायलाही एक सोपे दार आहे : गुरू ग्रंथ साहिबात संत नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. तेथून आरंभ करावा, पण तो ग्रंथ रागांनुसार लावलेला आणि गाण्यासाठी सिद्ध केलेला आहे, हे विसरून नुसते वाचू नये. नांदेडला किंवा जवळच्या गुरुद्वाऱ्यात बसून कीर्तन ऐकावे.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे आणि मला बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती अशा धर्मांविषयी वाचायला आवडते. माझे बाबा म्हणतात, ‘आधी आपला धर्म तरी नीट समजून घे.’ आजीचे म्हणणे असे की, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, मग एवढे वाचायचे कशाला? दोघांना काय उत्तर देऊ?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बाबांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ‘आधी हे, मग ते’ असा क्रम प्रत्यक्षात चालत नाही, कारण आपल्या धर्मातील ज्या गोष्टी आपण गृहीत धरतो, त्या दुसऱ्या धर्माशेजारी ठेवल्याखेरीज डोळ्यांना दिसतच नाहीत. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करण्यासाठी गेले आणि १९०३ मध्ये परतल्यावर प्रार्थना समाजाच्याच कामाला लागले. परधर्माच्या अभ्यासाने त्यांची येथील नाळ तुटली नाही. धर्मानंद कोसंबींचे मात्र वेगळे झाले : गोव्यातील साखवाळ गावचा हा मुलगा बुद्धाच्या ओढीने नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा फिरला, पाली शिकला, भिक्षूही झाला. तेव्हा अभ्यासाने माणूस अजिबात बदलत नाही, असे आश्वासन बाबांना देऊ नका. ते खरे ठरेलच असे नाही.

आजीच्या म्हणण्यामागील सद्भावना मोठी आहे आणि घरात-गावात सलोख्याने राहण्यासाठी ती उपयोगीही पडते. पण अभ्यासक म्हणून तुम्ही ती मान्य केलीत, तर अभ्यासासारखे काही उरणारच नाही. येशूचेच पाहा. कुराणात येशूची आई मरियम हिच्या नावाची एक सूरा आहे, येशूचा जन्म कुमारिकेच्या पोटी झाल्याचे त्यात मान्य केले आहे आणि त्याला थोर पैगंबर मानले आहे. परंतु तो देवाचा पुत्र होता हे कुराण नाकारते, आणि शत्रूंनी त्याला क्रुसावर मारले हेही नाकारते. ख्रिस्ती श्रद्धा तर याच दोन गोष्टींवर उभी आहे. अब्राहामाने पुत्राचा बळी देण्याची तयारी दाखवल्याची कथा बायबलात इसहाकाच्या नावाने येते. कुराणात त्या पुत्राचे नाव दिलेले नाही, आणि मुस्लीम परंपरेत तो पुत्र इस्माईल असल्याचे मत रूढ आहे. घरातलेच उदाहरण हवे असेल तर जैन आणि बौद्ध पाहा. दोघेही अहिंसा सांगतात, दोघेही वेदप्रामाण्य मानत नाहीत, दोघेही कर्म आणि पुनर्जन्म मानतात. पण जैनांच्या मते प्रत्येक जीव हे नित्य, स्वतंत्र द्रव्य आहे, तर असा कोणताही नित्य आत्मा नाही, असे बौद्ध म्हणतात. इतक्या जवळच्या दोन विचारांत इतका मूलभूत मतभेद असताना त्यांना ‘एकच’ म्हणणे, हा दोघांनी केलेल्या शतकानुशतकांच्या विचाराचा अवमान ठरतो. आजीला अर्थातच हे इतक्या कडक शब्दांत सांगू नये.

प्रश्न : इतर धर्मीयांच्या प्रार्थनास्थळी केवळ पाहण्यासाठी गेलेले चालते का? कोणते नियम पाळावेत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बहुतेक ठिकाणी चालते, पण आधी विचारून जावे. गुरुद्वाऱ्यात डोके झाकून, पादत्राणे काढून कोणालाही जाता येते आणि लंगरमध्ये, म्हणजे तेथील सामुदायिक भोजनात, सर्वांच्या पंक्तीला बसता येते. जैन मंदिरात चामड्याचा पट्टा किंवा पाकीट नेऊ नये. मशीद पाहायची असेल तर शुक्रवारी दुपारची गर्दीची वेळ टाळावी आणि ओळखीच्या माणसाबरोबर जावे. कॅथलिक चर्चमधील मिस्साला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, मागच्या बाकावर बसून हजर राहता येते, मात्र ख्रिस्तप्रसाद घेण्यासाठी रांगेत उभे राहू नये. तो त्या श्रद्धेत दीक्षित झालेल्यांसाठी असतो. पारशी अग्यारीत बिगरपारशी व्यक्तीला प्रवेश नाही. त्याबद्दल रुसू नये आणि हुज्जत तर मुळीच घालू नये.

आपण पुण्यात असल्यामुळे कॅम्पातील लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांनी बांधलेले ओहेल डेव्हिड सिनॅगॉग, आपण पाहिलेच असेल. आत जाण्यासाठी पूर्वपरवानगी घ्यावी, पुरुषांनी डोके झाकावे आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, छायाचित्रांचा विचारही करू नये. ज्यू धर्म म्हणजे काहीतरी दूरदेशीचे असे वाटत असेल, तर बेने इस्राएलांचा, म्हणजे आपल्याकडील मराठी ज्यूंचा, इतिहास पाहावा. कोकणात तेलघाण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. पेसाह या ज्यू सणाच्या रात्री मिसरमधून झालेल्या सुटकेची कथा ज्या ‘हग्गादा’ पोथीतून वाचतात, तिची मराठी भाषांतरासह आवृत्ती १८७४ मध्ये पुण्यातच छापली गेली. मिरजेच्या वाचकांना सुचवलेली ‘निर्गम’ची वीस प्रकरणे आपणही वाचून गेलात, तर त्या वास्तूत काय घडते ते अधिक समजेल.

प्रश्न : समाजमाध्यमांवर प्रत्येक धर्माविषयी इतके उलटसुलट लिहिले जाते की कशावर विश्वास ठेवावा, ते कळत नाही. शिवाय मूळ भाषा शिकल्याशिवाय या अभ्यासाला अर्थ आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : स्वीडनचे ल्यूथरन बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी १९८५ मध्ये, स्टॉकहोमजवळ मॉर्मन पंथाचे मंदिर होण्यास विरोध होत असताना, काही साधी पथ्ये सांगितली होती. दुसऱ्या धर्माविषयी त्याच्या अनुयायांना विचारा, त्याच्या शत्रूंना नव्हे. आणि आपल्यातील उत्तमाची तुलना त्यांच्यातील वाइटाशी करू नका. समाजमाध्यमांवरील बहुतांश मजकूर या दोन चाळण्यांतच गळून पडेल. याहून पुष्कळ आधी, सुमारे १०३० साली, अल् बिरूनीने हिंदुस्थानावरील ग्रंथ लिहिताना हेच धोरण ठेवले होते : हिंदूंचे खंडन करण्यासाठी आपण लिहीत नसून, त्यांचे म्हणणे जसे आहे तसे मांडत आहोत, असे त्याने प्रस्तावनेत सांगितले. त्यासाठी तो संस्कृत शिकला आणि पंडितांकडे बसून त्याने ग्रंथ समजून घेतले. महमूद गझनीच्या स्वाऱ्यांचा तो काळ होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या संयमाचे मोल कळते.

अनुयायांना विचारायचे म्हणजे ते सांगतील ते सर्व मान्य करायचे, असे मात्र नाही. इतिहासाचे प्रश्न इतिहासाच्या साधनांनीच सोडवावे लागतात, आणि तेथे कोणत्याही धर्माला, आपल्यालाही, सवलत देऊ नये. कोणत्याही धर्माविषयी पहिली विश्वसनीय माहिती मराठीतून हवी असेल, तर महाजालावर विनामूल्य वाचता येणाऱ्या मराठी विश्वकोशातील त्या धर्मावरील नोंद आधी पाहावी.

भाषेविषयी सांगायचे तर, विनोबांनी कुराण समजून घेण्यासाठी अरबी आत्मसात केली, पण हा मापदंड सर्वांना लावू नये. दोन वेगवेगळ्या परंपरांतील अनुवाद शेजारी ठेवून वाचले तरी घरगुती अभ्यासाचे बरेच काम भागते. एखादी भाषा शिकायचीच असेल, तर मराठी माणसाने, त्यातही शाळेत संस्कृत झालेल्याने, पाली घ्यावी. लिपीची अडचण येत नाही, कारण पाली ग्रंथ देवनागरीतही छापलेले मिळतात, आणि अवघ्या ४२३ गाथांचे ‘धम्मपद’ अर्थासह वाचणे थोड्या व्याकरणावर जमू लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पालीचा स्वतंत्र विभाग आहे. ठाण्याहून रोज पुण्याला जाणे शक्य नसले, तरी अभ्यासक्रमांची चौकशी तेथे पत्राने करता येईल.