कोल्हापुरात पेठांच्या फुटबॉल मॅचला एवढा पोलीस बंदोबस्त कशाला लागतो?

भावा, हितं टीम म्हणजे नुसता क्लब नसतो, तालीम असते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, नावं बघ की, ज्या गल्लीत जन्मलास तिथं टीम ठरलेली, त्यामुळं शाहू स्टेडियमवर हरलं की अख्खी पेठ हरते आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर टोमणे खायचे. राडा मैदानात कमी, गॅलरीत जास्त, एकानं घोषणा दिली की समोरून शिवी, मग पाण्याची बाटली, मग चप्पल. म्हणून दोन्हीकडचे सपोर्टर लांब बसवायचे आणि मधे पोलीस. हे गंमत म्हणून नाही, कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईस्ट बंगाल-मोहन बागान मॅचला ईडन गार्डन्सवर हाणामारी आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. खरी कटकट मात्र मॅच सुटल्यावर, जिंकलेली पोरं बाईकवर ट्रिपल सीट, झेंडे फडकवत मुद्दाम दुसऱ्यांच्या पेठेतनं जायला बघतात (रस्ते काय कमी आहेत का!). माझ्या मते गेटवर चार कमी चालतील, पण चौकात पोलीस पाहिजेतच, आणि गॅलरीच्या अरुंद जिन्यात लाठी उगारू नये, तिथं पळापळ झाली की म्हातारी माणसं आणि बारकी पोरंच सापडतात.