पडले, पाडले आणि एक काना

प्रश्न असा आहे: "बातम्यांत कधी ‘सरकार पडले’ असते, कधी ‘पाडले’, कधी ‘कोसळले’. तिन्हींचा अर्थ एकच ना? आणि १९८० साली पुलोद सरकार ‘पडले’ असे लिहिले तर चालेल का?"

पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दल, शरद पवारांची आघाडी. शेवटच्या भागाचे उत्तर आधी देतो. माझ्या मते नाही चालणार. का, ते पुढे येतेच.

‘पडले’ आणि ‘पाडले’ यांत फरक एका कान्याचा, पण त्या कान्यात अख्खा माणूस लपलेला असतो. मरणे-मारणे, गळणे-गाळणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे या त्याच घराण्यातल्या जोड्या. पहिल्यात गोष्ट घडते, दुसऱ्यात कोणीतरी ती घडवतो. ग्रामपंचायतीचा निकाल लागला की चहाच्या टपरीवर हा व्याकरणाचा धडा फुकट मिळतो. एक जण म्हणतो, "आपला माणूस पडला." दुसरा कप खाली ठेवत म्हणतो, "पडला नाही, पाडला." आणि त्याचा रोख बहुधा विरोधकांवर नसतो, आपल्याच पॅनेलमधल्या कोणावर तरी असतो.

आघाडी सरकारांत हाच घोळ मोठ्या प्रमाणात होतो. ७ मार्च १९७८ ला वसंतदादा पाटलांचे मंत्रिमंडळ आले. जनता पक्ष ९९ जागांसह सर्वांत मोठा, पण ६९ आणि ६२ जागांच्या दोन काँग्रेस एकत्र आल्या. एकीचे वसंतदादा मुख्यमंत्री, दुसरीचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. दोघांचे सूत कधी जुळलेच नाही. जुलैत शरद पवार, सुशीलकुमार शिंदे, सुंदरराव सोळंके असे मंत्री बाहेर पडले, दादांनी राजीनामा दिला आणि १८ जुलैला पवार पुलोदचे मुख्यमंत्री झाले. आता हे सरकार पडले की पाडले? आतल्या भांडणाने गेले असे मानणारा ‘पडले’ म्हणेल. ‘पाठीत खंजीर’ म्हणणाऱ्याच्या तोंडी मात्र ‘पाडले’च येणार. कोश या भांडणात मदत करत नाही. एवढे खरे की ‘पाडले’ लिहिलेत की वाचक "कोणी?" असे विचारणारच. उत्तर द्यायची तयारी नसेल तर काना देऊ नये.

‘आमदार फुटले’ आणि ‘फोडले’ यांचेही तसेच. २०२२ साली शिवसेनेचे आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले, त्या एकाच घटनेला कोणी उठाव म्हणाले, कोणी गद्दारी. उद्धव ठाकरे यांनी २९ जूनला, बहुमत चाचणीच्या आदल्या रात्री राजीनामा दिला. पुढे ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने चाचणी घ्यायला सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय अयोग्य ठरवला, पण ठाकरे चाचणीला सामोरे गेले नाहीत, स्वतः राजीनामा दिला, म्हणून त्यांचे सरकार परत आणता येत नाही असेही म्हटले. म्हणजे सभागृहात पडणे आणि आपण होऊन पायउतार होणे यांत कायदाही फरक करतो. काटेकोर अर्थाने ‘पडले’ पाहायचे तर १७ एप्रिल १९९९ चे वाजपेयी सरकार बघा: लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७०.

‘कोसळले’बद्दल फार सांगण्यासारखे नाही. भिंत कोसळते, दरड कोसळते. ‘सरकार कोसळवले’ असे कोणी बोलत नाही, त्यामुळे कर्त्याची कटकट टाळायची असली की मथळे लिहिणाऱ्यांना हा शब्द सोयीचा पडतो.

आता पुलोद. जनसंघातून आलेले उत्तमराव पाटील आणि हशू अडवाणी, शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील, समाजवादी सदानंद वर्दे एकाच मंत्रिमंडळात! अशी मोट सुटायला वेळ लागत नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण ती सुटली नाही. सभागृहात अविश्वास ठराव मंजूर झाला नव्हता. इंदिरा गांधी दिल्लीत पुन्हा सत्तेवर आल्या आणि १७ फेब्रुवारी १९८० ला राज्यात राष्ट्रपती राजवट लागली. म्हणून इथे शब्द हवा ‘बरखास्त केले’. हा शब्द फारसीतला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘उठले’! दरबार संपला की मंडळी उठत, ती बरखास्त. तेव्हा पुलोद सरकार पडले नाही. शब्दाच्या मुळाला धरून बोलायचे तर त्याला उठवले.