ख्रिस्ती मालक नम्र राहिला तर कामगार डोक्यावर बसतात का?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ताची लीनता धंद्यात आणि रोजच्या जगण्यात कशी पाळायची, आणि मालकाने ती पाळली तर हाताखालची माणसं डोक्यावर बसतात का. यातला दुसरा प्रश्न माझ्या थोरल्या भावाने मला 9 वर्षांपूर्वी विचारला होता. दर नाताळात जेवायला बसलो की दादा तो अजून विचारतो. म्हणून लिहायला बसलोय.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, 24 माग. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी 4 जुने माग घेऊन सुरुवात केली. तेव्हापासून आमच्याकडे असलेले एक विणकर आहेत, आम्ही दोघे भाऊ त्यांना मामा म्हणतो. पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचे, घरात तेलुगू. माझ्या हातात मागाचा धोटा पहिल्यांदा दिला तो त्यांनी.

9 वर्षांपूर्वी मे महिन्यात मुंबईच्या व्यापाऱ्याने 640 टॉवेल परत पाठवले. निळ्या टॉवेलवर आडवे पट्टे उठले होते, एक फिका, एक गडद. बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यात, वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या दोन लॉटचं सूत मिसळलं की असं होतं. माल मामांच्या मागांवरचा. मी तडक शेडमध्ये गेलो. पाळी बदलत होती, दोन्ही पाळ्यांची माणसं तिथेच. मामांचा भाचा आठवड्यापूर्वीच कामाला लागला होता, तो शेजारच्या मागावर उभा. चालत्या मागांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मी ओरडलो. सगळं लिहवत नाही, पण "डोळे गेले असतील तर घरी बसा" हे त्यात होतं. हप्त्यातून 1,800 रुपये कापले.

शनिवारी धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरणाऱ्या बाईंनी एक चिठ्ठी आणून माझ्यापुढे ठेवली. कुठल्या लॉटच्या सुताच्या कांड्या भरायच्या ते तिच्यावर लिहिलेलं होतं. लॉट नंबर चुकीचा होता आणि अक्षर माझं होतं.

मामांना केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. माफी मागितली, 1,800 परत केले, वर 500 ठेवले. त्यांनी पैसे मोजले, 500 टेबलावर सरकवले आणि म्हणाले, "मालक, बोललात तेव्हा 24 माग चालू होते. आता नुसता पंखा चालू आहे." आणि उठून गेले.

रात्री दादाला सांगितलं. तो म्हणाला, विषय संपला, पैसे दिलेस, माफी मागितलीस. वर शास्त्र काढलं: बायबलातलं मत्तय 18:15, भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला सांग. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, चर्चमध्ये प्रभुभोजन. मी डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी घेऊन लोकांत फिरायचं काम माझं. माझ्याने थाळी उचलवली नाही. दुसऱ्याच्या हातात दिली आणि पूर्व भागात मामांच्या घरी गेलो. मामी दारात विड्या वळत बसल्या होत्या, सुपातून त्यांनी मान वर केली नाही. मामा म्हणाले, चहा घ्या. दुसरं काहीच बोलले नाहीत.

सोमवारी पाळी बदलताना मी मेन स्विच बंद केला. चिठ्ठी हातात धरून सगळ्यांसमोर लॉट नंबर वाचला. चूक माझी होती, मामांना जे बोललो ते खोटं होतं, आणि मी त्यांची माफी मागतो, एवढंच म्हणालो. भाचा समोर होता. मामा म्हणाले, "माग चालू करा, पाळी वाया जाते."

दादाचं म्हणणं, त्या दिवशी मी मालकपण घालवलं. त्याने काढलेलं वचन मी नंतर कितीतरी वेळा वाचलं. ते ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यासाठी आहे: समोरच्याची चूक त्याला एकट्याला सांग, त्याची अब्रू राख. चूक करणाऱ्याने स्वतःची अब्रू राखायला दार लावून घ्यावं, असं त्यात कुठे आहे? करणाऱ्यासाठी मत्तय 5 आहे, अर्पण वेदीपाशी सोड आणि आधी जाऊन समेट कर. आणि जक्कय आहे. यरीहोतला मुख्य जकातदार, लोक कुरकुरत असताना उभा राहिला आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो म्हणाला. त्याने येशूला कोपऱ्यात नेऊन हे सांगितलं नाही. अपमान जितक्या लोकांत केला, तितक्याच लोकांत माफी मागायची. यापेक्षा कमी केलं तर ती लीनता नाही. हळू आवाजात बोलणं, हात जोडणं, "मी तर प्रभूचा सेवक" म्हणणं याला मी लीनता मानत नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं असं म्हटलंय. रिक्त करायचं म्हणजे हातातलं काहीतरी खरंच सुटलं पाहिजे.

रोजच्या जगण्याचं विचारलंत, तर मंडळीत दिलेल्या पंख्याच्या पात्यावर आपलं नाव रंगवू नका. समारंभात पहिल्या रांगेत जाऊन बसू नका, लूक 14 मध्ये तेच आहे. आणि पगार ठरल्या दिवशी द्या. बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात तर सूर्य मावळायच्या आत म्हटलंय.

आता डोक्यावर बसण्याचं. त्या दिवाळीला बोनससाठी माणसं पूर्वीपेक्षा ठामपणे बोलली, हे खरं आहे. दादा ते माझ्या नावावर मांडतो. मांडू दे. पूर्वी ती गप्प बसायची, त्याला मी शिस्त समजत होतो. त्यानंतर सूत चोरल्याबद्दल मी दोघांना कामावरून काढलंय, आणि व्यापाऱ्याला भाव एक रुपयाने कमी केलेला नाही. मोशे पृथ्वीवरचा सगळ्यांत नम्र माणूस होता असं बायबलातल्या गणना नावाच्या पुस्तकात लिहिलंय, आणि तोच मिसरच्या राजापुढे, फारोपुढे जाऊन उभा राहिला.

एक मात्र सांगायला हवं. तुम्ही मोठ्या कंपनीत असाल आणि प्रकरण अपघाताचं किंवा कोर्टात जाण्यासारखं असेल, तर आधी वकिलाशी बोला, माझा अनुभव तिथे पुरा पडणार नाही. आणि तुम्ही स्वतः नोकरीत असून वरिष्ठ तुम्हाला नम्रतेची वचनं ऐकवत असेल, तर ती मनावर घेऊ नका. येशूने पाय धुतले ते गुरू असताना, शिष्यांचे.

पगाराची वही आमच्याकडे दादा लिहितो. त्या 1,800 रुपयांपुढे त्याने "मामांना मदत" असं लिहिलं होतं. मी ते खोडून "मामांचे देणे" केलं. पुढच्या महिन्यात हिशेब पक्का करताना त्याने पुन्हा "मदत" लिहिलं. ती वही कपाटात आहे. दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. यंदा नाताळच्या जेवणाआधी ती बाहेर काढ आणि तो शब्द तुझ्या हाताने बदल.