एसीचा गॅस दरवर्षी जातो कुठे?

मार्च लागला की आमच्याकडे गाडीच्या एसीचेच प्रश्न येतात, यंदा तर ढीग आलाय, त्यातले चार घेतलेत. एकसारखे होते ते एकातच उरकलेत, रागावू नका.

प्रश्न : सात वर्षं जुनी हॅचबॅक आहे. हायवेला एसी मस्त चालतो पण सिग्नलला किंवा रेल्वे फाटकात थांबलो की गरम वारा. एसीवाला म्हणतो गॅस संपला. मागच्या दोन उन्हाळ्यात पण भरला होता. हे असंच असतं का? (नांदेड)

नाही हो काका, असं नसतं. गॅस म्हणजे पेट्रोल नाही वापरून संपायला, तोच गॅस पाइपांमधून गोल गोल फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो आणि गाडीच्या तोंडाशी असलेल्या पुढच्या जाळीत (कंडेन्सर) नेऊन टाकतो, बस. खूप वर्षांत रबरी पाइप आणि सीलमधून थोडाफार झिरपतो हे खरं, पण दर एप्रिलला भरावा लागत असेल तर कुठेतरी लीक आहे आणि ते न शोधता वरून भरत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. गॅससोबत आतलं ऑइल पण बाहेर येतं, म्हणून पाइपांच्या जोडावर, कंप्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणारा पंप) आसपास आणि पुढच्या जाळीवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो का बघा, दिसला तर मोबाईलवर फोटो काढा आणि एसीवाल्याला तीच जागा दाखवा.

पण तुमचं लक्षण वाचून मला गॅसआधी फॅनचा संशय येतोय. गाडी पळत असताना रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर, म्हणजे कंडेन्सरवर, समोरून आपोआप वारा बसतो. थांबलात की ते काम फॅनने करायचं असतं, फॅन बंद किंवा ढिला असेल तर उष्णता जायला जागाच नाही, मग गरम वाराच येणार ना.

गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलला लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू, एसी फुल, बॉनेट उघडा आणि लांबून बघत बसा. बहुतेक गाड्यांमध्ये मिनिट दोन मिनिटात फॅन फिरायला पाहिजे. हात, ओढणी, गमछा काहीही जवळ नेऊ नका, हा फॅन न सांगता सुरू होतो. फिरलाच नाही तर गाडी बंद करून फ्यूज बघा, मग रिले (फॅनला करंट देणारा छोटा स्विच), कित्येक गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो, नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघता येतं, पाच मिनिटांचं काम आहे.

फॅन फिरतोय तरी गरमच, तर गाडी उभी असताना कंडेन्सरवर पुढून पाण्याची हलकी धार सोडा. दोन-तीन मिनिटात आत गार वारा यायला लागला तर समजा जाळी चोंदलीय किंवा फॅन हळू फिरतोय. तुमच्याकडे धूळ, कापसाचे तंतू, मेलेले किडे, जाळीत काय काय अडकतं विचारू नका. साध्या पाइपने धुवा, प्रेशर पंप लावू नका, जाळीच्या पात्या इतक्या नाजूक असतात की वाकतात आणि मग वारा जायचा अजूनच बंद.

एवढं करूनही फरक नाही, तर मग गॅसचं बोलू.

प्रश्न : वारा गार आहे पण येतोच कमी, चारवर ठेवला तरी आवाज फक्त. लांबच्या प्रवासात तासाभराने तर जवळजवळ बंदच होतो, चहाला थांबून आलं की परत नीट! (चिपळूण)

ताई, तुमच्या कूलिंग कॉइलवर, म्हणजे डॅशबोर्डच्या आत वारा गार करणाऱ्या जाळीवर, बर्फ धरतोय. चहाच्या वेळात तो वितळतो म्हणून परत नीट. सगळ्यात आधी केबिन फिल्टर काढून बघा, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, बॉक्स रिकामा करून दोन्ही बाजू आत दाबल्या की खाली येतो, स्क्रू ड्रायव्हर पण लागत नाही बऱ्याचदा. माझ्या स्वतःच्या गाडीत एकदा अख्खं उंदराचं घरटं निघालं होतं, वर शेंगांची टरफलं, बायको त्या दिवशी रिक्षाने गेली. फिल्टर काळा असेल तर झटकत बसू नका, नवीनच टाका, आणि लावताना बाणाची दिशा बघा. नवीन टाकूनही बर्फ धरत असेल तर कॉइलजवळचा सेन्सर किंवा गॅस कमी, ते गॅरेजचं काम.

(ज्यांचा ब्लोअर एक-दोन-तीनवर मेलेला आणि फक्त चारवर चालतो त्यांचा बहुतेक वेळा रेझिस्टर, म्हणजे ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग, जळलेला असतो, ब्लोअरची मोटर बदलू नका, मोटर नीट आहे म्हणूनच तर चारवर चालतेय.)

प्रश्न : बाजूच्या सीटखाली पाणी साचतं आणि एसी लावला की कुबट वास. (पुणे)

पाणी नुसतं असेल तर ड्रेन पाइप तुंबलाय, एसीचं पाणी गाडीखाली पडायला हवं ते आत पडतंय. तेच पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर मात्र ते कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आहे, हीटरची कॉइल गळतेय, लगेच दाखवा. कुबट वासाला पोहोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, कॉइल सुकते. सुगंधी डब्या लटकवून बुरशी जात नाही, वर गुलाबाचा वास येतो एवढंच.

प्रश्न : ऑनलाइन गॅसचा कॅन मिळतो, घरीच भरू का? (सोलापूर)

नको. तुमच्या गाडीत आर-१३४ए गॅस असेल की नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर बघा, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-१३४ए उणे २६ डिग्रीला उकळतो, हातावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर विचारू नका. शिवाय गॅस अंदाजाने नाही, वजनाने भरतात, जास्त झाला तरी कूलिंग कमीच होतं. काही कॅनमध्ये लीक बुजवायचं औषध पण असतं, ते आतच अडकून बसतं, मग गॅरेजवाला आपल्या मशीनला तुमची गाडी लावायला तयार होत नाही.

गॅरेजला भरताना उभे रहा. आधी प्रेशर देऊन लीक तपासला का, मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम लावला का (म्हणजे पंपाने पाइपांतली हवा आणि ओल ओढून काढली का), आणि स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढेच गेले का, एवढं विचारा आणि ग्रॅमचा आकडा बिलावर लिहून घ्या, म्हणजे पुढच्या एप्रिलला कोणी "संपला" म्हणालं तर आधी आतला गॅस काढून वजन करायला सांगता येईल.