सरकार डळमळीत असलेल्या देशात प्रवासाला जावे का?

ज्या देशातील राजकारण अस्थिर आहे तिथे जाणे कितपत सुरक्षित असते आणि तिथल्या राज्यकारभाराचा प्रवाशाशी नेमका काय संबंध, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. सरकार कोणाचे आहे आणि ते किती दिवस टिकेल, ही एक. आणि विमानतळ, बँका, पोलीस, रुग्णालये व दूरसंचार या यंत्रणा रोज सुरळीत चालतात की नाही, ही दुसरी. प्रवाशाची गाठ पडते ती मुख्यतः दुसरीशी. बेल्जियममध्ये २०१०च्या निवडणुकीनंतर पूर्ण अधिकारांचे सरकार स्थापन व्हायला ५४१ दिवस लागले. पण प्रशासन चालू राहिल्यामुळे तिथे फिरायला गेलेल्या माणसाला, बातम्या वाचल्या नसत्या तर, याचा पत्ताही लागला नसता.

याउलट नोव्हेंबर २००८ मध्ये सरकारविरोधी निदर्शकांनी बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ ताब्यात घेतला, तेव्हा सुमारे आठवडाभर उड्डाणे बंद पडली आणि लाखो प्रवासी अडकले. त्यांतील अनेकांना उ-तपाओ या नौदलाच्या विमानतळावरून बाहेर काढावे लागले, जिथे एवढ्या गर्दीचे सामान तपासण्याची धड सोयही नव्हती. पर्यटकांवर कोणाचाच राग नव्हता, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. विमानतळ बंद पाडला की सरकारची सर्वाधिक कोंडी होते, एवढाच हिशेब त्यामागे होता. अशा संघर्षात प्रवासी बहुधा लक्ष्य नसतो, तो मधल्या मध्ये सापडतो.

अस्थिरतेचा फटका दर वेळी दगडफेकीच्या रूपानेच बसतो असेही नाही. ग्रीसमध्ये २०१५ साली बँका बंद ठेवून एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढण्याची मर्यादा घातली गेली. परदेशी कार्डांना ती मर्यादा लागू नव्हती. पण यंत्रातच नोटा नसतील तर त्या सवलतीचा उपयोग काय? श्रीलंकेत २०२२ मध्ये परकीय चलन आटल्याने इंधन मिळेनासे झाले आणि पंपांवर लांबच लांब रांगा लागल्या. बांगलादेशात जुलै २०२४ मधील आंदोलनाच्या वेळी सरकारने देशभर इंटरनेट बंद केले. तिकीट, हॉटेलचे आरक्षण, नकाशा आणि पैसे असे सगळे काही फोनमध्येच ठेवणाऱ्याची अशा वेळी काय गत होत असेल, याची कल्पना केलेली बरी. म्हणून महत्त्वाच्या कागदांच्या छापील प्रती आणि थोडी रोकड जवळ ठेवावी, असा माझा आग्रह असतो.

वरवरच्या शांततेवरही फार विसंबू नये. ट्युनिशियात बेन अली यांची सत्ता २३ वर्षे टिकली आणि जानेवारी २०११ मध्ये काही आठवड्यांच्या आंदोलनात कोसळली. शिवाय कडक राजवटीत रस्ते शांत असले, तरी समाजमाध्यमांवरील एखादी टिप्पणी किंवा चुकीच्या इमारतीचे छायाचित्र महागात पडू शकते. अटक झालीच, तर आपल्या दूतावासाला कळवण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३च्या व्हिएन्ना करारात आहे. तो पाळला जातो का, हे मात्र पुन्हा तिथल्या कारभारावरच अवलंबून.

जाण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र खात्याची सूचना वाचावी आणि तिच्याशी विम्याच्या अटी ताडून पाहाव्यात. सूचना जाहीर झाल्यानंतर काढलेल्या विम्यात त्या गडबडीमुळे झालेले नुकसान बहुधा धरले जात नाही, आणि युद्ध किंवा दंगल तर अनेक पॉलिसींमधून आधीच वगळलेली असते. ज्याची बातमी कधीच होत नाही अशी एक बाबही यातच येते. सामान चोरीला गेल्यास विमा कंपनी पोलिसांत तक्रार नोंदवल्याचा कागद मागते, आणि जिथे पोलीस हात ओले केल्याशिवाय तक्रारच लिहून घेत नाहीत, तिथे सरकार कितीही स्थिर असले तरी तो दावा कागदाअभावी फेटाळला जाऊ शकतो.